दर बारा मिनिटांनी

कुठून आलात, कुठं चाललात, किती वाजता पोचणार आणि एवढ्या उंचावर कशाला जाऊन बसलात, हे प्रश्न कुणालाही बिनदिक्कत विचारण्याचा हक्क जगात दोघांनाच असतो. एक आत्याला आणि दुसरा विमानांच्या कंट्रोलरला. त्या बाईंकडे हा हक्क नोकरीमुळे आला होता, पण विचारण्याची ढब अस्सल आत्याची होती. त्यामुळे रडारच्या त्या मोठ्या, अर्धवट अंधाऱ्या हॉलमध्ये दारावरच्या शिपायापासून सगळे त्यांना आत्या म्हणत, आणि ऐकून ऐकून वरचे पायलटही.

वय सत्तावन्न. निवृत्तीला चौदा महिने. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक कान हेडफोनखाली आणि दुसरा उघडा. हेडफोनचा कान आभाळासाठी, उघडा कान हॉलमधल्या भानगडींसाठी. समोर रडारचा काळा पडदा, त्यावर विमानांचे हिरवे ठिपके. बाजूच्या चौकटीत कागदाच्या पट्ट्या, दर विमानाला एक. आणि टेबलाखाली एक पेडल, शिवणयंत्राला असतं तसं. ते पायाने दाबलं की आत्यांचा आवाज वर जायचा, सोडलं की वरचा आवाज खाली यायचा. जन्मात एक बटण शिवलं नव्हतं, पण पेडल मारण्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती.

आत्यांच्या वाट्याला समुद्रावरचा तुकडा होता. हॉलमध्ये त्याला ‘ओसाड’ म्हणत. इतर टेबलांवर विमानं पिठातल्या किड्यांसारखी वळवळायची आणि पोरंपोरी घामाघूम होऊन एकामागून एक हुकूम सोडायची. ओसाडवर दुपारी चार-पाच विमानं. सगळी सरळ रेषेत, शहाण्या मुलांसारखी एका उंचीवर. त्यांना सांगायचं काय? काही नाही. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मिनिटं रेडिओवर चिटपाखरू फिरकायचं नाही.

आता अशा शांततेत वर बसलेल्या पायलटच्या मनात पाल चुकचुकते. रेडिओ मेला की काय? नंबर चुकीचा लागला की काय? खाली सगळे उठून घरी गेले की काय? मग तो घसा खाकरून विचारतो, “आवाज तपासतोय. कसा ऐकू येतोय?” त्यावर खालून गुण द्यायचे असतात. एक म्हणजे काही कळत नाही, पाच म्हणजे लख्ख. आत्या पाच गुण सढळ हाताने देत. शाळेत ज्यांना असा आकडा पाहायला मिळाला नव्हता, असे कित्येक कॅप्टन आत्यांच्या कृपेने रोज पाचपैकी पाच मिळवून समुद्र ओलांडत.

रेडिओवरची वाक्यं ठरलेली असतात, तोलूनमापून, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आत्या ती अचूक बोलत. त्यांची अडचण वाक्य संपल्यावर सुरू व्हायची. “पाचपैकी पाच,” म्हणून झालं की पाय काही पेडलवरून उठायचा नाही. “पाचपैकी पाच. इथेच आहे, कुठं जातेय!” किंवा, “पाचपैकी पाच. आवाज लख्ख आहे, पण सर्दी झालेली दिसते. वाफ घ्या उतरल्यावर.”

सगळ्या पायलटांत एक जण आत्यांचा खास. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारची फ्लाइट सहाशे चार. खर्जातला असा आवाज, की माणूस दारात मावणार नाही असं वाटावं. आणि स्वभाव असा, की घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, मग जिन्यावरून परत जाऊन ओढून बघायचं. रेडिओवर शांतता पसरली की हा घड्याळ लावून बरोबर बाराव्या मिनिटाला विचारायचा. अकराव्याला नाही, तेराव्याला नाही. आत्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं बारामिनिटे. हे त्याचं आडनावच आहे असं समजून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एकदा ते चक्क नोंदवहीत लिहिलं होतं.

हा सहकारी टेलिफोनवर बसायचा. पुढच्या-मागच्या केंद्रांना विमानांची वर्दी देणं हे त्याचं काम. आवाज इतका गोड, की भांडायला फोन केलेला माणूस दिलगिरी व्यक्त करून ठेवायचा. त्याला सगळे गुळमट म्हणत.

“आला बघा तुमचा बारामिनिटे,” गुळमट म्हणायचा. “आता बसा दर बारा मिनिटांनी गुण वाटत.”

“वाटेन! माझ्या खिशातून जातात का?”

एकोणीस वर्षं हे चाललं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मग नवीन साहेब आले. सडपातळ, इस्त्रीचे, आणि गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. पोहण्याच्या स्पर्धेला निघालेला माणूस चुकून हॉलमध्ये शिरला असं पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं. रेडिओवरचं सगळं बोलणं टेप होतं. साहेबांनी त्या टेप ऐकायला घेतल्या आणि स्टॉपवॉच लावून कोण किती फालतू बोलतं ते काढलं. आत्या पहिल्या आल्या. दुसरा नंबर शोधायला साहेबांना दुर्बीण लागली असती.

पहिलं पत्र आलं. आत्यांनी ते चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलं. दुसरं पत्र एका मंगळवारी सकाळी आलं. त्यात लिहिलं होतं, की तिसऱ्या पत्राबरोबर त्यांची बदली तळघरातल्या आकडेवारी विभागात होईल.

“एकाच दुपारी एकेचाळीस अनावश्यक वाक्यं, मॅडम,” साहेब म्हणाले.

“एकेचाळीस? मला वाटलं जास्त असतील.”

“हे कौतुक नाही.”

आत्या हसल्या खऱ्या, पण खुर्चीत बसल्यावर त्यांनी ते पत्र उघडून पुन्हा वाचलं. आकडेवारीच्या खोलीत माइक नसतो. आणि त्या हॉलची एक रीत होती. निवृत्त होणाऱ्या कंट्रोलरने शेवटच्या दिवशी शेवटचं विमान पुढे सोपवायचं, माइकवर निरोप घ्यायचा, आणि आभाळात असतील नसतील त्या सगळ्या विमानांनी एकेक करून उत्तर द्यायचं. तीस वर्षांत आत्यांनी असे अकरा निरोप ऐकले होते आणि अकराही वेळा डोळे पुसून वर “एअरकंडिशनरचा गारठा फार” म्हटलं होतं. आपल्या निरोपात काय बोलायचं हे त्यांचं कधीच ठरलं होतं. ते आता काय तळघरात बसून आकड्यांच्या तक्त्यांना सांगायचं?

त्यांनी कानाला खडा लावला.

त्या दुपारी सहाशे चार हद्दीत शिरलं. बाराव्या मिनिटाला खर्ज आला, “आवाज तपासतोय. कसा ऐकू येतोय?”

साहेब मागेच उभे होते. आत्यांनी पेडल दाबलं. “पाचपैकी पाच. आणि कॅप्टन, यापुढे अशा तपासणीची गरज नाही. काही असलं तर मी हाक मारीन.”

खर्ज एकदम बारीक झाला. “समजलं.”

साहेबांनी स्टॉपवॉच थांबवलं आणि मान डोलावली. गुळमटने जीभ चावली. आणि आत्यांना भरल्या घरात पाहुण्याला पाटावरून उठवल्यासारखं वाटलं.

घरी आत्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. पुढच्या खोलीत भिंतभर घड्याळं टिकटिक करायची. ते स्वतः मात्र डोळ्याला भिंग लावून बसले की दिवसाला चार शब्द. आत्या स्वयंपाकघरातून मधूनमधून विचारत, “अहो, ऐकताय ना?” आणि पुढच्या खोलीतून यायचं, “हं.” या ‘हं’ला आत्या पाचपैकी तीन देत. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, चार कधी द्यावे लागले नव्हते.

त्या संध्याकाळी आत्यांनी गप्प राहण्याचा सराव सुरू केला. कणीक मळली, गप्प. भाजी चिरली, गप्प. पुढच्या खोलीतली टिकटिक मोठी वाटायला लागली. आणि थोड्या वेळाने यजमान भिंग डोळ्याला तसंच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एक डोळा एवढासा, दुसरा लिंबाएवढा.

“बरं वाटत नाही का?”

आत्यांच्या हातातली सुरी थांबली. “का हो?”

“मघापासून विचारलं नाहीस.”

एवढं बोलून ते परत गेले. हे सात शब्द होते. आत्यांनी मनातल्या मनात त्यांना एकदम पाच देऊन टाकले.

गुरुवार उजाडला. दोन वाजून दहा मिनिटांनी सहाशे चार हद्दीत आलं. कॅप्टनने नाव, उंची, वेळ सांगितली, आत्यांनी तीच परत म्हणून दाखवली, संपलं. दोन बावीसला आत्यांचं लक्ष आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. रेडिओ गप्प.

“नाही विचारलं,” आत्या म्हणाल्या.

“शहाणा झाला,” गुळमट म्हणाला.

दोन चौतीस. गप्प.

“रुसला वाटतं.”

“पायलट रुसतात का आत्या? लग्नातले व्याही आहेत का ते?”

आत्यांनी पडद्याकडे पाहिलं. ठिपका सरळ चालला होता. उंची बरोबर, वेग बरोबर, रस्ता बरोबर. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नव्हती. त्याला हाक मारायचं काहीही कारण नव्हतं आणि विनाकारण हाक मारणं म्हणजे तिसरं पत्र. हॉलच्या त्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये साहेब बसलेलेही दिसत होते.

दोन सेहेचाळीस. छत्तीस मिनिटं.

एकोणीस वर्षं जो माणूस कुलूप ओढून बघायला तीनदा जिना चढतो, तो रागावला तरी छत्तीस मिनिटं कुलपाकडे पाठ करून बसेल? आत्यांना दारात उभा राहिलेला लिंबाएवढा डोळा आठवला. मघापासून विचारलं नाहीस.

“जाऊ दे ते तळघर,” त्या पुटपुटल्या आणि पेडल दाबलं. “सहाशे चार, आवाज तपासतेय. कसा ऐकू येतोय?”

काही नाही.

“सहाशे चार, ऐकू येतंय का?”

काही नाही. हॉलमध्ये शेजारच्या दोन माना वळल्या. गुळमटने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या आवाजातला गूळ एकदम गेला. “तीन सहाला हद्द संपते, आत्या.”

ते आत्यांना सांगायला नको होतं. हद्दीपलीकडचं आभाळ लष्कराच्या नजरेखालचं. तिथं शिरणारं विमान हाकेला उत्तर देत नसेल, तर खालून दोन लढाऊ विमानं सुटतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहतात. नियम चांगला आहे. पण आत बसलेल्या एकशे छत्तीस माणसांनी, ज्यांतली निम्मी जेवून पेंगत असतील, खिडकीतून सहज बाहेर पाहावं आणि क्षेपणास्त्र लावलेलं विमान आपल्याकडे टक लावून बघतंय असं दिसावं, तर पाचावर धारण बसेल. आणि तो बिचारा कॅप्टन? त्याने धसक्यानेच हाय खाल्ली असती. हे सगळं कशामुळे? तर आत्यांनी त्याला विचारू नको म्हटलं म्हणून.

आत्या कामाला लागल्या. जवळच्या एका विमानाला हाक मारायला लावली, उत्तर नाही. संकटकाळासाठी सगळ्यांनी ऐकत राहायची एक वेगळी फ्रिक्वेन्सी असते, तिच्यावर स्वतः ओरडल्या, उत्तर नाही. गुळमटने विमान कंपनीला फोन लावला. त्यांना विमानात लेखी निरोप धाडता येतो. तिथल्या माणसाने सांगितलं, की निरोप धाडणारे जेवायला गेलेत.

“मग तुम्ही धाडा!”

“मला पासवर्ड माहीत नाही.”

गुळमटने आयुष्यात पहिल्यांदा फोन आपटला.

तोवर साहेब येऊन मागे उभे राहिले होते. त्यांच्या एका हातात लष्कराचा लाल फोन आणि दुसऱ्यात स्टॉपवॉच. “किती वेळ झाला?”

“हे तुम्हीच सांगा, घड्याळ तुमच्या हातात आहे!” आत्या मागे न बघता म्हणाल्या. मग जीभ चावली. मग म्हणाल्या, “साहेब, फोन तीन सहाला करा. आधी नको.”

साहेबांनी फोन छातीशी धरला.

दोन सत्तावन्न. आत्यांनी डोळे मिटले. रेडिओ बिघडला असता, तर विमानातून तसा इशारा देता येतो, ठिपक्याजवळ आकडा बदलतो. बदलला नव्हता. म्हणजे आपला रेडिओ गेलाय हे त्याला माहीतच नाही. चुकीच्या नंबरावर निवांत, रुसून बसलाय. विमानात रेडिओ दोन असतात. मग दुसऱ्यावर तो ऐकत काय असेल? हा माणूस दर वेळी हद्द सोडताना काय म्हणतो? ‘तीन वाजताचं हवामान घेतलंय, निरोप घेतो.’ दर वेळी. उतरायच्या विमानतळाचं हवामान तासातासाला ध्वनिमुद्रित होऊन रेडिओवर गोल गोल वाजत राहतं. बाकीचे पायलट ते एकदा ऐकतात. हा दोनचं ऐकतो, आणि तीनचं आलं की तेही ऐकतो, न जाणो वारा बदलला असेल.

“हवामानवालीला लाव!” आत्या ओरडल्या. “विमानतळावरच्या!”

हवामानवाली आत्यांची फोनवरची जुनी मैत्रीण. तिचा आवाज म्हणजे शाळेतलं वेळापत्रक. वादळ असो की मंद झुळूक, एकाच पट्टीत.

“अगं, तीनचं हवामान भरलंस का?”

“आत्ता भरतेय. का गं?”

“त्यात माझं एक वाक्य घाल.”

“वेडी आहेस का? हवामान आहे ते, लग्नपत्रिका नाही.”

“एकशे छत्तीस माणसं आहेत. घाल.”

तीन वाजले. गुळमटने ती फ्रिक्वेन्सी लावली आणि आवाज सोडला. वेळापत्रक सुरू झालं. वारा पश्चिमेकडून, मंद. दृश्यता उत्तम. तापमान एकोणतीस. धावपट्टी कोरडी. “फ्लाइट सहाशे चार, एकशे चोवीस पॉइंट सातवर आत्याला हाक मारा. ती काळजीत आहे. ढग तुरळक.”

शेवटचं ‘काळजीत आहे’ हवामानवालीने पदरचं घातलं होतं. त्याच पट्टीत.

तीन एक. तीन दोन. हॉलमध्ये कुणी पट्टीसुद्धा हलवत नव्हतं. साहेबांचा अंगठा लाल फोनच्या बटणावर. तीन तीन.

हेडफोनमध्ये खरखर झाली. आणि खर्ज आला. खर्ज कसला, धापा टाकणारं काहीतरी. “आत्या... सहाशे चार... आवाज तपासतोय. कसा ऐकू येतोय?”

आत्यांनी पेडल दाबलं. “पाचपैकी पाच.”

हॉलचा जीव भांड्यात पडला. पाय पेडलवरच होता. आत्यांनी मान वळवून साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते.

“पाचपैकी पाच,” आत्या पुन्हा म्हणाल्या, “आणि परत कधी बारा मिनिटांच्या वर गप्प बसाल तर याद राखा!”

यावर आभाळातून तीन वेगवेगळ्या विमानांनी, कुणी विचारलं नसताना, आवाज तपासून घेतला. आत्यांनी तिघांनाही पाच दिले.

संध्याकाळी साहेब एक कागद घेऊन आले. आत्यांनी चष्म्याची डबी उघडून पुढे केली. “द्या. तिसरं. जागा केलीय.”

“हा घटनेचा अहवाल आहे,” साहेब म्हणाले. “एक रकाना भरता येत नाही. ‘संपर्क तुटल्याचे कशावरून कळले.’ रडार, टेलिफोन, पायलट, इतर. रडारवर सगळं ठीक होतं. मग कळलं कसं?”

“तो विचारत नव्हता, साहेब.”

साहेबांनी ‘इतर’वर खूण केली आणि समोर सावकाश लिहिलं: पायलट काहीच विचारत नव्हता. मग लिहिलेलं वाचून पाहिलं, स्वतःच थोडे गोंधळले, आणि सही ठोकली.

“आणि ते एकेचाळीस...” आत्यांनी विचारलं.

साहेबांनी गळ्यातल्या दोरीशी चाळा केला. “ओसाडवर पंधरा मिनिटं शांतता झाली, तर यापुढे खालून एक हाक मारायची. तसं परिपत्रक काढतोय. त्या हाकेत वाफ, सर्दी वगैरे जे काय असेल ते...” ते थांबले. “आठ सेकंदांत बसवा.”

“आठ? दहा करा की!”

“नऊ,” साहेब म्हणाले आणि पुढे घासाघीस व्हायच्या आत निघून गेले.

शनिवारी सहाशे चार नेलं दुसऱ्याच कॅप्टनने. दुपारी हॉलच्या कँटीनमध्ये पाहुणा आल्याचं शिपायाने सांगितलं. आत्या गेल्या, तर खिडकीपाशी एक पाच फुटी, चणीने चिमणीएवढा माणूस गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला. आत्या त्याला ओलांडून दारात मावणार नाही असा कुणी दिसतोय का ते शोधायला लागल्या. तेवढ्यात त्या चिमणीतून खर्ज आला.

“आत्या?”

“अगं बाई! एवढेच?”

तो हसला. मग त्याने सगळं सांगितलं. दुसऱ्या रेडिओवर हवामान ऐकायचं होतं, तर घाईत पहिल्या रेडिओचंही बटण फिरलं. एरवी बाराव्या मिनिटाला कळलंच असतं. “पण म्हटलं, एवढी अडचण होते त्यांना, तर नाही विचारायचं. मारली तर मारतील हाक.”

“रुसलाच होतात ना?”

“थोडा.”

“माझं चुकलं,” आत्या म्हणाल्या.

“बटण मी फिरवलं.”

“बरं, अर्धं अर्धं.”

आणि मग दोघांचं बोलणं संपलं. एकोणीस वर्षं आठवड्यातून तीनदा आभाळातून बोलणारी ही दोन माणसं, मध्ये एक टेबल आलं आणि गप्प. समोरासमोर काय बोलतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. चहा आला. आत्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, त्याने टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर घेतली. पलीकडच्या टेबलावर गुळमट कान टवकारून बसला होता, तोही कंटाळला. चहा निम्मा झाला. कँटीनच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला.

मग कॅप्टनने मनगट वर करून घड्याळ पाहिलं, घसा खाकरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “आवाज तपासतोय.”

“पाचपैकी पाच,” आत्या म्हणाल्या. “बिस्किट घ्या.”